कानामात्रेचा फरक

वाटेतली कागदांची टोपली त्याने बुटाच्या टोकाने भिंतीकडे सारली, आणि तिने त्याला ओळखले. चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रश्न नव्हता. साथीच्या त्या वर्षांत माणसांना चेहरे नव्हतेच, कपाळ आणि डोळे एवढाच काय तो माणूस उरला होता. आवाजावरूनही नाही. तो आवाज तेव्हा मुखपट्टीतून आणि काचेपलीकडून आलेला, म्हणजे दोनदा गाळलेला होता. पण बुटाचे टोक गाळले गेले नव्हते. विमानतळावरच्या काउंटरमागून बाहेर येऊन त्याच टोकाने त्याने तिची बॅग वजनकाट्यावरून खाली सरकवली होती. न बघता, न थांबता, झोपेत माणूस पांघरूण सारतो तितक्या सहजपणे. त्या टोकाची ती इतकी वर्षे वाट पाहत होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे झाले असते, आणि अतिशयोक्तीचा तिला तिटकारा होता. ती वाट पाहत नव्हती. तिने ते टोक विसरायला नकार दिला होता, एवढेच.

"लिफ्ट बंद आहे तुमची," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तीन मजले, मॅडम! गुडघे बोलायला लागलेत माझे."

"हो का," ती म्हणाली.

लिफ्ट सकाळीच दुरुस्त झाली होती. ती स्वतः लिफ्टनेच वर आली होती, आणि दुरुस्तीवाला हात पुसत म्हणाला होता, "पळायला लागली बघा बाई. पाटी तेवढी जेवून आल्यावर काढतो." पाटी अजून खाली लटकत असणार. लिफ्ट चालू होती आणि ती बंद असल्याचे लेखी होते. अशा सामन्यात लेखी बाजूच जिंकते, हे तिला आता कुणी शिकवण्याची गरज उरली नव्हती.

विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर तिने हे काम घेतले होते: शपथेवर भाषांतर. जन्म, लग्न, मृत्यू, पदव्या, घटस्फोट. माणसाच्या आयुष्यात जे जे शिक्क्याने सिद्ध होते ते सारे ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवत असे, आणि प्रत्येक कागदाखाली एकच वाक्य लिहून सही करत असे, की मुळातील मजकुरात कानामात्रेचाही फरक केलेला नाही. इतर भाषांतरकार हे वाक्य छापून ठेवत. ती ते दर वेळी हाताने लिही. पन्नाशीनंतर एखाद्या वाक्यावर तरी विश्वास असावा, असे तिचे मत होते.

त्याने पिशवीतून, पारपत्राखालून, प्रमाणपत्र काढून तिच्यापुढे ठेवले. ज्या देशात त्याला जायचे होते तिथे साथीची नवी लाट आली होती, आणि त्या देशाने वर्धक मात्रेचा दाखला पुन्हा मागायला सुरुवात केली होती. दाखला त्यांच्या भाषेत हवा, शपथेवर. "मुलगी असते तिकडे," तो सांगू लागला. त्याला विचारावे लागत नव्हते. "पहिलंच बाळंतपण. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, कुशीवरून कुशीवर वळायचं तेसुद्धा जपून. जावई कामावर, घरात दुसरं कुणी नाही. हिला नेलं असतं, पण हिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. म्हणजे आमच्या घरात गुडघ्यांचीच चढाओढ आहे." तो आपल्या विनोदावर हसला. "रोज फोन करते. बाबा, निघालात का? बाबा, निघालात का? लहानपणी शाळेच्या फाटकातून असंच ओरडायची."

"कधी निघायचंय?"

"परवा. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले मॅडम, विमान कंपनीत होतो मी. आता माझे तपासून घ्यायची वेळ आली. आमच्या नातवाला यायचीच घाई, त्याला कुठला आलाय दाखला!"

विमान कंपनीत. म्हणजे शंका उरली नाही. तिने प्रमाणपत्र जवळ ओढले, चष्मा बदलला, आणि सवयीने पहिल्या ओळीपासून शब्दांवर बोट फिरवू लागली. पालिकेच्या दवाखान्यातल्या कुणा परिचारिकेने ते घाईत हाताने भरलेले होते. पहिली मात्रा, दुसरी मात्रा, वर्धक मात्रा. तिन्हींसमोर तारखा, तिन्हींसमोर शिक्के. सारे बिनचूक. मग तिचे बोट वर, नावापाशी परत आले आणि थांबले. नावाच्या पहिल्याच अक्षरावरची मात्रा लिहिणारीने दिलेली नव्हती. अक्षराच्या डोक्यावरची एक तिरकी रेघ, मनगटाच्या एका झटक्याचे काम. पण तिच्यावाचून ते नाव माणसाचे राहत नव्हते, नुसता घशातला एक आवाज राहत होता. दुसऱ्या लिपीत नेल्यावर तर तो सरळसरळ दुसराच कुणीतरी होत होता. पारपत्रावर एक माणूस, दाखल्यावर दुसरा. परवा काउंटरपलीकडचा कुणी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवील, दोनदा वर-खाली बघेल, आणि म्हणेल की लस ह्यांनी घेतलेलीच नाही.

तिच्या बोटाखाली कागद किंचित ओलसर लागला. घाम तिचाच होता. मात्रा. एक मात्रा कमी. देव असल्याचा पुरावा म्हणून हे कुणी तिच्यापुढे मांडले असते तर तिने युक्तिवादातल्या चुका काढल्या असत्या. पण देवाला श्लेष कळतो एवढे तरी मान्य करावे लागले असते.

कारण 'मात्रा' हा शब्द तिचा होता. साथीत लस येऊ घातली तेव्हा सरकारी परिभाषा समितीवर तिला बोलावले होते, आणि तिथे 'डोस' या शब्दाविरुद्ध ती एकटी लढली होती. समितीवरचे गोल चेहऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "बाई, मात्रा म्हटलं तर लोक अक्षरावर शोधतील, दंडावर नाही." त्यावर ती म्हणाली होती, "शोधू देत. तेवढंच शुद्धलेखन सुधारेल." सगळे हसले होते आणि शब्द मंजूर झाला होता. 'वर्धक मात्रा'ही तिचीच. आणि 'पूर्ण लसीकरण' हेही. कुणी 'दोन मात्रा झालेले' सुचवत होते. तिला ते ओबडधोबड वाटले. पूर्ण म्हणा, ती म्हणाली होती, लोकांना धीर येईल. ताईला रात्री फोनवर तिने हे सारे रंगवून सांगितले तेव्हा ताई समुद्रापलीकडून खो खो हसली होती. "शुद्धे, अगं जग मरायला टेकलंय आणि तू त्याचं शुद्धलेखन तपासतेयस!"

शुद्धी. हे नाव ताईनेच ठेवलेले. लहानपणी दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसत, आणि ताई मुद्दाम चुकीचे लिही. 'शुद्ध' हाच शब्द अशुद्ध लिहून वही तिच्यापुढे सरकवी आणि गालातल्या गालात हसत बसे. लग्न होऊन दूर गेल्यावर तिच्या निरोपांतही ती ऱ्हस्व-दीर्घाची खुशाल कत्तल करी. एकदा तिने चिडून विचारले, अगं एवढी शिकलेली तू, एक वेलांटी नीट देता येत नाही? तेव्हा ताई म्हणाली होती, "चूक केली की तुझं उत्तर लगेच येतं. बरोबर लिहिलं की आठ-आठ दिवस तू कुठे असतेस कुणास ठाऊक." 

त्या ताईला आजाराने धरले तेव्हा इकडे धाकटीच्या दोन मात्रा झालेल्या होत्या. प्रमाणपत्रावर तिचाच शब्द होता: पूर्ण. बॅगेत ताईसाठी एक मऊ लोकरीचा सदरा होता, पुढून उघडणारा, झोपल्या झोपल्या घालता येईल असा. आणि काउंटरमागच्या माणसाने पडद्यावर बघून म्हटले होते, "तुमचं लसीकरण पूर्ण नाही."

"आहे. इथे लिहिलंय, पूर्ण."

"कालपर्यंत होतं. आजपासून दुसऱ्या मात्रेला मुदत लागू झाली."

"कालपर्यंत पूर्ण कसं असेल? जे संपतं त्याला पूर्ण म्हणत नाहीत. अपूर्णाचं पूर्ण होतं. पूर्णाचं अपूर्ण होत नाही हो."

"मॅडम, तुमची एक मात्रा राहिली आहे," तो म्हणाला होता. किती स्वच्छ उच्चार होता त्याचा! समितीने ठरवलेली वाक्ये कंपनीने पाठ करून घेतली असावीत; त्याने 'डोस' म्हटले असते तर तिने कदाचित त्याला माफही केले असते. "वर्धक मात्रा घ्या, पंधरा दिवस जाऊ द्या, मग या."

"माझ्या बहिणीकडे पंधरा दिवस नाहीत."

तेव्हा तो काउंटरमागून बाहेर आला होता आणि बुटाचे टोक बॅगेला लागले होते. "बाजूला व्हा. मागच्यांना येऊ द्या."

नियम त्याने केला नव्हता. हे तिला कळत होते; नियम आणि नियमाचा शिपाई यांतला भेद कळायला तिला कुणा पंडिताची मदत लागत नव्हती. नियम करणाऱ्यांचे तिने पुढे बरेच वाचले. त्यांची निवेदने, त्यांची स्पष्टीकरणे, आणि सरतेशेवटी तो नियम मागे घेतल्याचे त्यांचे तीन ओळींचे पत्रक, ज्यात 'गैरसोय' असा शब्द होता. पण त्या माणसांना पाय नव्हते. ती नुसती कर्मणी प्रयोगात राहत होती: ठरवण्यात आले, लागू करण्यात आले, मागे घेण्यात आले. कर्मणी प्रयोगाचा सूड घेता येत नाही. सूड घ्यायला कर्ता लागतो, आणि साऱ्या वाक्यात कर्ता म्हणून तिच्या हाती लागले होते ते फक्त बुटाचे एक टोक.

विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत ताईचा निरोप आला होता. एकच अक्षर: य. ती बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली. 'ये' लिहायचे असणार, आणि मात्रेपर्यंत बोट पोचले नसणार. की ही शेवटची मस्करी? चूक केली की उत्तर लगेच येते म्हणून? तिला ठरवता आले नाही. 'येते' असे लिहिणे खोटे होते आणि 'येत नाही' असे लिहायला हात उचलेना. ताईची ही एकच चूक अशी, की तिला उत्तर गेले नाही. नंतर भाचीने पडद्यावर दवाखान्यातली खोली दाखवली. फोन नीट धरणे त्या पोरीला जमत नव्हते, त्यामुळे बराच वेळ खिडकीच्या पडद्याची दांडी आणि छताचा कोपरा दिसत राहिला. "मावशी," भाची म्हणाली, "आई सारखी दाराकडेच बघतेय गं." आणि मग दाराकडे बघणेही थांबले. सदरा अजून बॅगेतच होता. बॅग अजून पलंगाखाली होती.

"काही अडचण आहे का हो?" त्याने विचारले. तिचे बोट अजून नावावर होते.

"नाही," ती म्हणाली, आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "तुम्हीही पुष्कळांना परत पाठवलं असेल, नाही? त्या दिवसांत."

"अहो काय सांगू! रोज उठून नवा नियम. सकाळी आम्हालाच माहीत नसायचं दुपारी काय आहे ते. चूक झाली की आमच्यावर शेकायचं. लोक रडायचे, शिव्या घालायचे, एकाने तर बूट फेकून मारला." तो खुर्चीत सैलावला, गोष्ट रंगात येत होती. "पण एक बाई होत्या, त्यांना मी जन्मात विसरणार नाही. मागे ही एवढी मोठी रांग, आणि बाई मला व्याकरण शिकवतायत! पूर्ण म्हणजे काय, अपूर्ण म्हणजे काय. पूर्णाचं म्हणे अपूर्ण होत नाही! शब्दांचा नुसता कीस. घरी येऊन हिला त्यांची नक्कल करून दाखवली, तर हसून हसून हिच्या डोळ्यांत पाणी. अजून आमच्या घरात चालतं ते. भात कमी पडला की मुलगी फोनवरून विचारते, बाबा, तुमचं पूर्ण झालं की अपूर्ण?"

त्याने नक्कल केली होती. मान किंचित वाकडी, एक बोट वर, आवाज चिरका. नक्कल चांगली होती. आपले बोट असे वर होते हे तिला ठाऊक नव्हते.

"मग?" तिने विचारले. "पुढे काय झालं त्यांचं?"

"कुणाचं?"

"त्या बाईंचं."

"गेल्या असतील घरी," तो म्हणाला. "दुसरं काय."

तिच्या डोक्यात तिडीक उठली नाही. उलट सारे थंड आणि सुबक झाले, प्रबंधाचे शेवटचे प्रकरण आपोआप सुचावे तसे. नावात संशय आला की पारपत्र मागून पडताळायचे आणि तळाशी तशी टीप द्यायची, ही तिची रोजची रीत होती. आज तिने पारपत्र मागितले नाही. तिने टंकलेखनाचे मशीन पुढे ओढले आणि जसे होते तसे उतरवले: तारखा, शिक्के, तिन्ही मात्रा, आणि मात्रेवाचूनचे ते नाव, परक्या लिपीत, ठळक अक्षरांत. त्यात खोटे काही नव्हते. उद्या कुणी जाब विचारला तर साऱ्या दुनियेच्या न्यायालयांत ती ताठ मानेने उभी राहू शकली असती. शेवटी तिने हाताने लिहिले की मुळातील मजकुरात कानामात्रेचाही फरक केलेला नाही, आणि सही केली. इतके खरे वाक्य तिने उभ्या आयुष्यात लिहिले नव्हते.

तो उठला. कागद लिफाफ्यात घालून त्याने छातीशी धरला. "सगळं पूर्ण आहे ना, मॅडम?" आणि मग, आपल्याच शब्दाची गंमत वाटून, "की अपूर्ण?"

"जसं आहे तसं आहे," ती म्हणाली.

दार लागले. जिन्यावरून त्याचे उतरणे ऐकू येत राहिले; एका पायावर भार देत, कठड्याला धरत. आता तिला समाधान वाटायला हवे होते. त्या समाधानाची जागा तिने केव्हाची झाडूनपुसून ठेवली होती. ती त्या जागेकडे बघत राहिली, आणि तिथे तिला परवाचे काउंटर दिसले, त्याचा पडलेला चेहरा दिसला, बाजूला सरकवलेली बॅग दिसली, आणि इथवर सारे ठीक होते. पण कल्पनेला शिस्त नसते. ती तिथे थांबली नाही. ती समुद्र ओलांडून एका खोलीत गेली, जिथे कुशीवर वळायचीही चोरी असलेली एक बाई पडली होती आणि दाराकडे बघत होती. पडद्याची दांडी तीच. छताचा कोपराही तोच.

तिला पहिल्यांदा राग आला तो पत्ता चुकल्याचा. इतकी वर्षे जपलेला सूड, आणि तो शेजारच्या दारात टाकून येणार? हा माणूस परवा काउंटरवरून घरी परत जाईल, दोन दिवस हळहळेल, आणि महिन्याभरात ह्याचीही नक्कल करून दाखवील. सोसायचे ते दाराकडे बघणारीने. हे म्हणजे कर्त्याची शिक्षा कर्माला. त्याने नेमके हेच केले होते. असला ढिसाळपणा त्याला शोभत होता, तिला नाही. तिने फोन उघडला आणि मागे, खूप मागे जाऊन ते अक्षर काढले. य. टॅक्सीत हे वाचताना आपण कुठे पारपत्र मागितले होते? डोळ्यांनीच मात्रा दिली होती आणि वाचले होते.

ती खिडकीशी गेली. खिडकीतून कुणाला हाक मारणे हे तिने आजवर कधी केले नव्हते. विद्यार्थ्यांना तर ती वर्गातही दोनदा हाक मारत नसे. तो खाली फुटपाथ उतरून रस्त्याच्या मध्यावर पोचला होता.

"अहो!" ती ओरडली. "तुमची एक मात्रा राहिली आहे!"

त्याचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. लिफाफा काखेत, हात दंडावर, मान वर. भर रस्त्यात, भर उन्हात, तो तसाच थिजला. "नाही हो!" तो कळवळून ओरडला. "तिन्ही घेतल्यात! तिन्ही! तुम्ही बघितलं ना आत्ता!"

तोच तो चेहरा. मुखपट्टीखाली तेव्हा तिचा जो झाला असेल आणि कुणालाच दिसला नसेल. तिने तो मनसोक्त बघितला.

"एक राहिली आहे," ती म्हणाली.

"पण परवा विमान आहे माझं! तिकडे पोरगी..." मागून सायकलवर एक माणूस आला आणि घंटी वाजवून म्हणाला, "काका, बाजूला व्हा." तो बाजूला झाला. बाजूला होता होता त्याने पुन्हा वर बघितले, आणि आता त्याचे डोळे निराळे होते; आपलेच एखादे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस ते कुठे ऐकले हे आठवू लागतो, तसे. तिने एक बोट वर केले. आता तिला ठाऊक होते ते कसे दिसते. मान तिने किंचित वाकडी केली. त्याचा दंडावरचा हात हळूहळू खाली आला.

"नावावरची मात्रा," ती म्हणाली. "पारपत्र घेऊन वर या. लावून देते."

'या' म्हणाली ती. या शब्दाला मात्रा लागत नाही.

तो रस्ता ओलांडून परत आला, दाराशी थबकला आणि आतून, जिन्याच्या तळातून, त्याचा दबका आवाज आला. "लिफ्ट सुरू झाली का हो?"

तिने आपले दार उघडले आणि कठड्यावरून विचारले, "पाटीवर काय लिहिलंय?"

"बंद आहे, असं लिहिलंय."

"मग?" ती म्हणाली.

मग पहिली पायरी वाजली. मग दुसरी. दर पायरीला बुटाचे टोक आधी लागत होते आणि मागाहून सारा माणूस. ती आत आली, नवा कागद मशीनला लावला, लेखणी काढून ठेवली. तो पहिल्या मजल्यावर थांबल्याचे तिला कळले, आणि पुन्हा निघाल्याचेही. घाई नव्हती. मग ती उठली, भिंतीशी सारलेली टोपली वाकून दोन्ही हातांनी उचलली, आणि दार आणि खुर्ची यांच्या बरोबर मध्ये, वाटेत, ठेवून दिली.